देशाचा जीव, बेटाचा उपरा

जूनच्या पहिल्या मोठ्या सरी कोसळल्या की गोव्यात आणि तळकोकणात रात्रीच्या वेळी शेतांतून टॉर्च फिरू लागतात. वर्षभर मातीत दडून बसलेला मोठा बेडूक बाहेर आलेला असतो. नर पिवळेधमक झालेले असतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून रात्रभर ओरडत असतात. बुलफ्रॉग हे त्याचे इंग्रजी नाव आता आपल्याही तोंडी बसले आहे. चोरून विकणारे त्याला ‘जंपिंग चिकन’ म्हणतात. त्याला पकडणे, मारणे, विकणे हा गुन्हा आहे. वन खाते गस्त घालते. तो भातशेतातले किडे खातो, त्याला जगू द्या, असे कार्यकर्ते पावसाळ्याच्या तोंडावर लोकांना विनवतात. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात देशाने १९८७ साली बंद केली. मी या कार्यकर्त्यांच्या बाजूचा आहे आणि राहीन.

हाच बेडूक गेल्या दीड-दोन दशकांत अंदमानात पसरला. तो तिथे कुणी हौसेने नेला नाही. मत्स्यशेतीसाठी मुख्य भूमीवरून माशांचे बीज पाण्याच्या पिशव्यांत भरून येते. त्या पाण्यातून बेडकाची पिल्ले, म्हणजे आपण ज्यांना बेडूकमासे म्हणतो ती, बेटांवर पोचली असावीत, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. पुढे एका तळ्यातले बीज दुसऱ्या तळ्यात गेले आणि बेडूकही त्याच्या मागोमाग सरकत राहिला. या जातीचे बेडूकमासे मांसाहारी असतात आणि दुसऱ्या बेडकांचे बेडूकमासे खाऊन वाढतात. प्रयोगासाठी त्यांना स्थानिक जातींच्या बेडूकमाशांबरोबर ठेवले, तेव्हा स्थानिक पिल्ले जवळजवळ उरलीच नाहीत. मोठा झालेला बेडूक तोंडात मावेल ते गिळतो. आपल्या कोंबड्यांची पिल्ले आणि तळ्यातले मासे तो खातो, अशी तक्रार अंदमानच्या शेतकरी कुटुंबांनी पाहणीसाठी आलेल्या संशोधकांकडे केली आहे.

मग या बेडकाचे करायचे काय? गोव्यात त्याला वाचवायचे आणि अंदमानात हटवायचे, हे माझे उत्तर आहे. यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. जीव तोच असला तरी जागा वेगळी आहे, आणि बेटाच्या बाबतीत सगळा प्रश्न जागेचाच असतो.

लाखो वर्षे समुद्राने वेगळ्या ठेवलेल्या जमिनीवर जे जीव घडतात, त्यांना काही धोके माहीतच नसतात. न्यूझीलंडमध्ये वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही मूळचा सस्तन प्राणी नव्हता. त्यामुळे तिथले पक्षी जमिनीवर घरटी करू लागले आणि काही तर उडणेच विसरले. अशा ठिकाणी उंदीर उतरला की त्याला रोखणारे काहीच नसते. जैवविविधतेवर काम करणाऱ्या आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय मंचाचा २०२३ चा अहवाल सांगतो की, मुख्यतः आक्रमक परक्या प्रजातींमुळे जे जीव पृथ्वीवरून कायमचे गेले, त्यांतले ९० टक्के बेटांवरचे होते.

इथे ‘परकी’ आणि ‘आक्रमक’ हे शब्द मी नाइलाजाने वापरतो आहे. माणसांबद्दल ते वापरले की काय होते, हे आपण पाहिले आहे. ते विष इथे नको. उंदीर, हरीण किंवा बेडूक यांचा काही अपराध नाही. त्यांना जहाजात, पिंजऱ्यात, पिशवीत घालून नेले ते माणसाने. निस्तरण्याची जबाबदारीही म्हणूनच माणसावर येते.

भारतीय कायद्याने ही जबाबदारी उशिरा का होईना, ओळखली. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि आक्रमक परक्या प्रजातींवर नियंत्रण आणण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. पण व्याख्या लिहिताना एक मोठी चूक राहिली. जी प्रजाती ‘भारताची मूळ नाही’ तीच परकी, असे कायदा म्हणतो. बुलफ्रॉग भारताचा आहे आणि माणसाने अंदमानात नेलेले चितळही भारताचे आहे. म्हणजे अंदमानच्या जंगलाला सध्या ज्या प्राण्यांपासून उघड धोका आहे, त्यांतले दोन ठळक प्राणी या व्याख्येत बसतच नाहीत. एवढेच नव्हे, तर मूळचे भारतीय म्हणून त्यांना संरक्षण आहे. देशाची सीमा माणसाने आखली आहे. पोर्ट ब्लेअरपासून (आताचे श्री विजयपुरम) चेन्नई आणि कोलकाता तेराशे किलोमीटरच्या आसपास आहेत. तेवढे अंतर पोहून कोणतेही चितळ अंदमानात गेले नसते.

अंदमानातली चितळे इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत नेली. तिथे त्यांना मारणारा वाघ नाही, बिबट्या नाही, रानकुत्राही नाही. ती पोहत एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गेली. महाराष्ट्रातून अंदमानला जाणारा जवळजवळ प्रत्येक माणूस सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर नतमस्तक होतो आणि दुसऱ्या दिवशी बोटीने रॉस बेटावर जातो. २०१८ पासून त्या बेटाचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. पडक्या इंग्रजी इमारती, त्यांना वेढणारी झाडांची मुळे आणि माणसांना न भिणारी चितळे हे तिथले दृश्य आहे. मीही तिथे गेलो होतो. आमच्या गटातल्या मुलांनी हरणांना बिस्किटे दिली, मोठ्यांनी फोटो काढले आणि मीही काढला. आपण उभे आहोत त्या झाडांखाली रोपे का दिसत नाहीत, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. पुढे वाचनात आले की चितळे जंगलाचा खालचा थर, म्हणजे रोपे आणि झुडपे, चरून टाकतात, आणि त्या थरात जगणारे सरडे त्यामुळे कमी होतात. संशोधकांनी हे अंदमानच्या बेटांवर मोजून दाखवले आहे. मोठी झाडे आज उभी आहेत म्हणून जंगल शाबूत वाटते, पण त्यांच्या जागी उद्या उभे राहायला कुणी वाढत नसते.

हे काम अशक्य आहे, असे कुणी म्हणू नये. बेटांवरचे उपरे सस्तन आणि इतर कणाधारी प्राणी पूर्ण हटवण्याचे दीड हजाराहून अधिक प्रयत्न जगभरच्या सुमारे हजार बेटांवर झाले आहेत आणि त्यांतले ८८ टक्के यशस्वी ठरले, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर २०११ ते २०१५ या काळात एक लाख हेक्टरांहून मोठ्या प्रदेशात हेलिकॉप्टरने विषारी आमिष टाकले गेले आणि २०१८ साली ते बेट उंदीरमुक्त जाहीर झाले. ही मोहीम स्कॉटलंडमधल्या एका धर्मादाय संस्थेने देणग्या गोळा करून पार पाडली. पण तिथे कायमची वस्ती नाही. पैसा, हवामान आणि वैमानिकांचे कसब जमले की काम होते. माणसे राहतात त्या बेटावर गोष्ट वेगळी असते आणि आपल्याला शिकायचे आहे ते तिथून.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवर लॉर्ड हाउ नावाचे बेट आहे. क्षेत्र १,४५५ हेक्टर आणि लोकसंख्या साडेतीनशे-चारशे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढी. एका वेळी चारशेहून अधिक पर्यटकांना तिथे राहता येत नाही. १९८२ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. जून १९१८ मध्ये मकाम्बो नावाचे जहाज तिथे खडकाला लागले. दुरुस्तीसाठी ते थांबले तेवढ्या दिवसांत त्यातले उंदीर किनाऱ्यावर आले. पुढच्या काही वर्षांत पक्ष्यांच्या पाच जाती संपल्या. हाताच्या पंजाएवढा लांब, पंख नसलेला एक काळा काडीकिडा तिथे होता, तोही संपला असे धरले गेले. केंटिया पामच्या बियांवर बेटाचे पोट चालत असे, त्या बिया उंदीर खाऊ लागले. उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावून पाहिले. १९२० च्या दशकात बाहेरून घुबडे आणून सोडली. उंदीर कमी झाले नाहीत आणि घुबडे मात्र स्थानिक पक्षी खाऊ लागली. आपल्या लक्षद्वीपमध्येही नारळ कुरतडणाऱ्या उंदरांवर उपाय म्हणून काही वर्षांपूर्वी केरळातून घुबडे नेली गेली, तेव्हा मला लॉर्ड हाउची आठवण झाली आणि काळजी वाटली. एका पाहुण्याला हटवायला दुसरा पाहुणा बोलवायचा, हा प्रयोग बेटांवर पुन्हा पुन्हा फसला आहे. न्यूझीलंडने सशांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टोट हा मुंगसासारखा शिकारी प्राणी आणला आणि आज त्याच्याच मागे तो देश लागला आहे.

लॉर्ड हाउवर नंतर कित्येक दशके विष घालणे चालूच होते. पण ते सगळ्या बेटावर नसे, ठरावीक भागात असे. उंदीर मरत आणि पुन्हा भरून येत. उंदराच्या छोट्या भाईबंदांवर, म्हणजे घरउंदरांवर, जुन्या विषाचा परिणाम होईनासा झाला. या पार्श्वभूमीवर नव्या शतकाच्या सुरुवातीला एक प्रस्ताव पुढे आला. एकदाच, एकाच हंगामात, बेटाच्या प्रत्येक चौरस मीटरपर्यंत आमिष पोचवायचे आणि शेवटचा उंदीर संपवायचा. अर्धवट नियंत्रण म्हणजे कायमचे विष. पूर्ण निर्मूलन म्हणजे विषाचा शेवट. या प्रस्तावाच्या बाजूचा सगळ्यात सबळ मुद्दा मला हाच वाटतो. मारणे थांबवायचे असेल तर एकदाच आणि पुरते मारावे लागते. हे ऐकायला कठोर आहे, पण वर्षानुवर्षे थोडे थोडे मारत राहण्यापेक्षा त्यात क्रौर्य कमी आहे.

बेटावरच्या सगळ्यांना ते पटले नाही. विष माझ्या अंगणात, माझ्या मुलांच्या खेळण्याच्या जागेत पडणार. कुत्र्याने खाल्ले तर? माशांत उतरले तर? पर्यटक यायचे थांबले तर? या शंकांना अडाणीपणा म्हणून झटकून टाकता येत नाही. वापरायचे ते ब्रोडिफॅकूम हे विष रक्त गोठू देत नाही आणि उंदराव्यतिरिक्त इतर प्राण्यांनाही मारू शकते. ऑस्ट्रेलियाच्याच मॅक्वारी बेटावरच्या मोहिमेत दोन हजारांवर पक्षी त्याने मेले होते. शेजाऱ्याशेजाऱ्यांत वाद झाले, घराघरांत दोन मते झाली. २०१५ साली रहिवाशांचे मत घेतले गेले तेव्हा बाजूने पडली ५२ टक्के.

या ५२ टक्क्यांवर मी बराच विचार केला आहे. एवढ्याशा गावात ४८ टक्के लोक नको म्हणतात, तेव्हा पुढे जाणे योग्य होते का? माझ्या मते होते, कारण मत घेऊन काम थांबले नाही. पुढची चार वर्षे तयारी झाली आणि त्या तयारीचा मोठा भाग विरोधकांनी विचारलेल्या प्रश्नांतूनच घडला. वस्तीत हेलिकॉप्टरने विष टाकले नाही. तिथे कुलूपबंद पेट्यांत आमिष ठेवले गेले. हजारो पेट्या होत्या आणि त्या माणसांनी फिरून तपासल्या. प्रत्येक घरमालकाशी त्याच्या घराबद्दल, माळ्याबद्दल, गोठ्याबद्दल वेगळे बोलणे झाले. बेटावरच्या कोंबड्या हलवाव्या लागल्या. लॉर्ड हाउची वुडहेन नावाची न उडणारी पाणकोंबडी बेटाबाहेर कुठेच नाही. तिच्यासारखे पक्षी विष खातील म्हणून दोनशेच्या आसपास वुडहेन आणि करावाँग नावाचे बरेच कावळ्यासारखे पक्षी पकडून, सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयाच्या लोकांच्या देखरेखीखाली मोहीम संपेपर्यंत पिंजऱ्यात सांभाळले. २०१९ च्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्याकडे पाऊस सुरू होतो तेव्हा, काम झाले. खर्च दीड कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या घरात गेला.

विरोधकांनी प्रश्न विचारले नसते तर ही काळजी इतकी घेतली गेली असती, असे मला वाटत नाही. लोकांना ‘समजावून सांगणे’ हा आपल्याकडच्या प्रकल्पांचा आवडता शब्दप्रयोग आहे. त्यात निर्णय आधीच झालेला असतो आणि लोकांनी फक्त मान डोलवायची असते. लॉर्ड हाउच्या कारभारी मंडळातल्या सात सदस्यांपैकी चार बेटकऱ्यांनी निवडून दिलेले असतात. तिथे नकाराला वजन होते, म्हणून होकारालाही वजन आले.

एप्रिल २०२१ मध्ये वस्तीच्या भागात उंदीर दिसल्याची खबर आली. एक नर आणि एक गाभण मादी सापडली. ही बातमी वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता. शंभर वर्षांची वाट, वीस वर्षांची तयारी आणि पुन्हा तेच? पण बेटावर शोधकुत्री होती, पेट्या होत्या आणि मुख्य म्हणजे उंदीर दिसला तर लगेच कळवायचे हे मुलांनाही माहीत होते. महिनोन्‌महिने शोध चालला आणि मग खुणा मिळेनाशा झाल्या. दरम्यान वुडहेन वाढत होत्या. १९८० च्या सुमारास या पक्ष्याची संख्या वीस-तीसपर्यंत घसरली होती. निर्मूलनाआधी ती अडीचशेच्या आसपास होती आणि नंतर चार वर्षांत हजारावर गेली. बेटावर पूर्वी कुणी पाहिली नव्हती इतकी रोपे, फुले आणि किडे दिसू लागल्याचे तिथले लोक सांगतात. आणि तो काळा काडीकिडा? तो २००१ साली जवळच्याच बॉल्स पिरॅमिड नावाच्या समुद्रातल्या उभ्या सुळक्यावर एका झुडपाखाली जिवंत सापडला होता, जेमतेम दोन डझन. मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात त्याची पैदास होते आहे. त्याने घरी परत यावे, अशी परिस्थिती आता बेटावर आहे.

लोकांच्या पुढाकाराचे आणखी एक उदाहरण मला फार जवळचे वाटते. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाशी तौकिहेपा नावाचे बेट आहे. जवळच्याच राकिउरा बेटाची माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची, कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तिथे ठरावीक हंगामात तीती या समुद्रपक्ष्याची पिल्ले धरायला जातात. तो त्यांचा हक्क आहे आणि संस्कृतीही. १९६० च्या दशकात त्या बेटावर उंदीर पोचले. १९६४ मध्ये त्यांचा उद्रेक झाला. उंदरांनी एवढे नुकसान होईल यावर काही तज्ज्ञांचा विश्वासच नव्हता, आणि त्यात वेळ गेला. वन्यजीव खात्याच्या लोकांनी धावपळ करून सॅडलबॅक जातीचे ३६ पक्षी दुसऱ्या बेटांवर हलवले आणि ती जात वाचली. एक पाणलावा, एक रानरेन आणि एक वटवाघूळ मात्र त्या बेटावरून गेले ते गेलेच. बैल गेला अन् झोपा केला, अशी ती अवस्था होती. पण गोष्ट तिथे थांबली नाही. १९९८ साली कॅलिफोर्नियाजवळ एका जहाजातून तेल सांडले आणि त्यात मेलेल्या पक्ष्यांमध्ये न्यूझीलंडहून उडत गेलेले तीती होते. त्या भरपाईच्या पैशातून, माओरी कुटुंबांच्या पुढाकाराने, २००६ साली तौकिहेपा आणि शेजारच्या बेटांवरचे उंदीर हटवले गेले. पक्षी खाणारे लोकच इथे पक्ष्यांचे राखणदार झाले. निसर्ग वाचवायचा म्हणजे तिथल्या माणसाला बाहेर काढायचे, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण नीट पाहावे.

आता भूतदयेचा प्रश्न. तो मी टाळणार नाही, कारण मराठी वाचकाच्या मनात तो पहिल्या परिच्छेदापासून असणार. हजारो मुके जीव मारण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? ब्रोडिफॅकूमने उंदीर काही दिवस यातना भोगून मरतो. हे लपवून मोहिमेची भलावण करणारे लोक मला पटत नाहीत. पण काहीच न करणे म्हणजे अहिंसा, हे खरे नाही. दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर घरउंदीर अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची जिवंत पिल्ले रात्रीतून कुरतडून खातात, आणि घरटे न सोडणारे ते पिल्लू प्रतिकारही करत नाही. तिथे हात बांधून उभे राहणे हाही एक निर्णयच आहे आणि त्यातही मरण आहे, फक्त ते आपल्या खात्यावर मांडले जात नाही. आपण धान्याच्या कणगीजवळ उंदराची गोळी ठेवतो तेव्हा इतका विचार करत नाही. चितळाच्या डोळ्यांकडे पाहून मात्र थबकतो. थबकावे जरूर, पण सरड्याच्या वाट्यालाही तीच दया यावी. मारायचेच असेल तर कमीत कमी वेदना होतील अशी पद्धत निवडावी, ते काम प्रशिक्षित माणसांनी करावे, आकडे जाहीर करावेत. जिथे पकडून हलवणे किंवा प्रजनन रोखणे खरोखर जमते तिथे ते आधी करावे. साउथ जॉर्जियावरचे रेनडियर हटवताना त्या प्राण्यांना हाताळण्याची पिढीजात सवय असलेले सामी लोक नॉर्वेहून बोलावले होते. काम तेच असले तरी करणारा हात कोणाचा, याने फरक पडतो.

अपयशही येते. गॉफवर २०२१ साली मोठ्या खर्चाची मोहीम झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये जिवंत उंदीर दिसला. आता तिथे सगळे पहिल्यापासून करावे लागेल. त्याच्या कितीतरी आधी, १८९४ पासून, रिचर्ड हेन्री नावाच्या माणसाने न्यूझीलंडच्या रेझोल्यूशन बेटावर वल्ह्याच्या होडीतून काकापो (न उडणारे पोपट) आणि किवी असे शेकडो पक्षी नेऊन सोडले होते. ते तिथे सुरक्षित राहतील म्हणून त्याने आयुष्याची कित्येक वर्षे त्यात घातली. १९०० साली बेटावर स्टोट दिसला. तो पोहत आला होता. हेन्रीचे काम वाया गेले, पण उपरे जीव समुद्र ओलांडून येतात हा धडा त्याच्या नुकसानीतून पुढच्यांना मिळाला. म्हणून मला सरकारी अंदाजपत्रकांतली एक सवय फार धोक्याची वाटते. मोहिमेसाठी पैसा मिळतो, उद्‌घाटन होते. मोहिमेनंतरच्या पहाऱ्यासाठी, कुत्र्यांसाठी, बोट तपासणाऱ्या दोन माणसांच्या पगारासाठी मिळत नाही. न्यूझीलंडने २०५० पर्यंत सारा देश उंदीर, पोसम (ऑस्ट्रेलियातून आलेला झाडांवरचा प्राणी) आणि स्टोट यांपासून मुक्त करण्याचे ध्येय २०१६ मध्ये जाहीर केले. वेलिंग्टनच्या उपनगरांत लोक स्वतःच्या परसात सापळे लावून रोज बघतात. तरीही त्या कामासाठी उभारलेली सरकारी कंपनी बंद करण्याचा निर्णय २०२५ च्या अंदाजपत्रकात झाला आणि तिचे काम दुसऱ्या खात्याकडे गेले. इतकी लोकचळवळ असलेल्या देशात असे होते.

सगळ्यांनी मिळून केल्याशिवाय यातले काही होत नाही, हे मराठवाड्याच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली. तीच आफ्रिकी गोगलगाय दुसऱ्या महायुद्धात जपान्यांबरोबर अंदमानात पोचली, असे सांगितले जाते. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट बांधावर टाकायचे, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या, हा उपाय कृषी विभागाने सांगितला आणि लोकांनी केला. पण एकट्याने वेचून भागत नव्हते. शेजारच्या पडीक रानातून, ओढ्याकाठून त्या पुन्हा येत. ज्या शिवारात सगळ्यांनी मिळून वेचले तिथेच पिकाला उभारी आली. शिवार म्हणजे बेट नव्हे, तिथे त्या पुन्हा येणारच. बेटावर मात्र समुद्र आपल्या बाजूला असतो. एकदा साफ केले की तेच कुंपण.

अंदमानसाठी माझे म्हणणे असे आहे. कायद्यातली व्याख्या बदलून ‘देशाची मूळ नसलेली’ याऐवजी ‘त्या बेटाची किंवा त्या प्रदेशाची मूळ नसलेली’ असे करावे. तोवर चितळाबद्दल किंवा बेडकाबद्दल काही करायला निघालेला अधिकारी कायद्याच्या कात्रीत सापडणार. सुरुवात मोठ्या बेटांपासून करू नये. जिथे चितळे आहेत पण वस्ती नाही अशी लहान बेटे घ्यावीत, तिथले जंगल परत येते का हे पाच-सात वर्षे लोकांना दाखवावे आणि मग पुढे जावे. अंदमान-निकोबारला विधानसभा नाही, म्हणून विचारायचे कुणाला हा प्रश्न खरा आहे. पण ग्रामपंचायती आहेत, निकोबारमध्ये आदिवासी परिषदा आहेत, बंगालमधून, केरळातून, रांचीकडून, ब्रह्मदेशातून आलेल्यांच्या तिथे जन्मलेल्या पिढ्या आहेत. बेडकाने कोंबडीची पिल्ले खाल्ल्याचे पहिल्यांदा त्यांनीच सांगितले. दिल्लीतून आदेश निघून हे काम झाले, तर पहिल्या चुकीबरोबर ते बंद पडेल.

आपण पर्यटकांनीही रॉस बेटावर हरणांना बिस्किटे द्यायचे थांबवावे. सहल नेणाऱ्यांनी ती हरणे तिथे कशी आली हे सांगावे, दोन मिनिटे लागतात. माशांच्या बीजाची प्रत्येक पिशवी एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्याआधी जाळीतून गाळली जावी आणि त्या कामाला धक्क्यावर पगारी माणूस नेमला जावा. यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहायला नको. बेडूक अजून सगळ्या बेटांवर पोचलेला नाही.